मूल सांभाळायला बाई पाहिजे

मिंका गेल्यानंतर दीड वर्षाने ल्युबेनने तिचं शिलाई मशीन विकायला काढलं आणि हे सगळं तिथून सुरू झालं.

मिंका म्हणजे त्याची बायको. आमच्या इमारतीत ते दोघं चौथ्या मजल्यावर, मी तिसऱ्यावर. मी पोस्टात नोकरी केली. निवृत्त होण्याआधी तिथे कॉम्प्युटर आले, म्हणून इमारतीतल्या म्हाताऱ्या मंडळींना वाटतं की रुमेनाला त्यातलं सगळं कळतं. कुणाचं विजेचं बिल भरायचं असो, कुणाला जर्मनीतल्या नातवाचा फोटो पाहायचा असो, दार माझंच वाजतं. ल्युबेनही तसाच आला, मशीनचा फोटो घेऊन. म्हणाला, "रुमेना, हे इंटरनेटवर टाक. ज्याला शिवता येतं त्यालाच द्यायचंय, असं लिही."

मी जाहिरात टाकत होते आणि तो माझ्या खांद्यामागून वाचत होता. मशीनच्या बाजूला नोकऱ्यांच्या जाहिराती येत होत्या. त्याने चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"हे काय आहे? 'मूल सांभाळायला बाई पाहिजे. वय पन्नासच्या आत. सिगारेट न ओढणारी. शांत स्वभाव, अनुभव आवश्यक.'" मग तो म्हणाला, "यातलं वय सोडलं तर मला सगळं जमतं."

"आणि 'बाई'चं काय करणार?"

"ते माझ्या डोक्यातच आलं नाही," तो म्हणाला. खरंच आलं नव्हतं. ल्युबेन खोटं बोलत नाही, त्याला ते साधतच नाही.

तो आयुष्यभर ट्रॉलीबस चालवत होता. डॅन्यूबकाठच्या आमच्या रुसे शहरातल्या अर्ध्या लोकांनी त्याची पाठ पाहिलेली असेल. मिंका कापडगिरणीत होती, तिची पाळी दुपारची नाहीतर रात्रीची. म्हणून ल्युबेनने स्वतःसाठी पहाटेची पाळी मागून घेतली आणि दुपारपासून मुलीला तो सांभाळायचा. डेटेलिनाच्या वेण्या तो घालायचा, सूप तो करायचा, तापात कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या तो ठेवायचा. गॅलरीत लंगोट वाळत घालणारा आमच्या गल्लीतला तो एकटाच पुरुष. खालच्या बाकावरचे लोक हसायचे. तो वरून हात हलवायचा आणि पुढचा लंगोट झटकायचा.

मग डेटेलिना स्पेनला गेली, तिथेच लग्न केलं. तिची दोन मुलं रविवारी फोनच्या पडद्यावर येतात, "आजोबा, कसे आहात?" एवढं आपल्या भाषेत म्हणतात आणि बाजूला होतात. मिंका होती तोवर घरात आवाज होता. ती गेल्यावर ल्युबेन सवयीने मोठं पातेलंभर राजम्याचं सूप करायचा आणि निम्मं मला आणून द्यायचा. माझ्या फ्रीजमध्ये जागा उरेना.

मशीन दोन दिवसांत विकलं गेलं. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा दारात.

"आता माझी जाहिरात टाक."

"कसली?"

"मूल सांभाळीन म्हणून."

मी त्याला समजावलं नाही असं नाही. म्हटलं, "लोक काय म्हणतील याचा विचार केलास का?" तो म्हणाला, "लोक लंगोटांबद्दल जे म्हणाले तेच म्हणतील." मग आम्ही दोघं टेबलाशी बसलो. मला वाटत होतं काहीतरी गोड लिहावं, 'मुलांवर प्रेम करणारा' वगैरे. त्याने ते खोडायला लावलं. "प्रेम आहे की नाही ते आधी पोराला बघू दे." शेवटी राहिलं ते एवढंच: 'चौसष्ट वर्षांचा पुरुष. निवृत्त ट्रॉलीबस चालक. एक मुलगी वाढवली. सिगारेट सोडली आहे. स्वयंपाक येतो. मूल सांभाळीन.' फोटोसाठी त्याने टाय बांधला. निवडणुकीला उभा राहिल्यासारखा दिसत होता.

पहिला फोन आला तो एका माणसाचा, बुखारेस्टला ट्रक नेशील का म्हणून. दुसऱ्या बाईला तिचा कुत्रा फिरवायला कुणीतरी हवं होतं. मग तर शांतताच. तेव्हा ल्युबेन स्वतःच एकेका जाहिरातीला फोन करू लागला. माझ्या स्वयंपाकघरात बसून करायचा, कारण त्याच्याकडे आवाज नीट पोचत नाही म्हणे. खरं म्हणजे त्याला एकट्याने नकार ऐकायचे नव्हते.

"तुमच्या बायकोला द्या ना फोन," एक बाई म्हणाली.

"ती वारली."

"मग कोण येणार आहे कामाला?"

"मीच."

फोन कट. एकीने हसून 'विचार करून कळवते' म्हटलं. एकीने त्याला असं काही सुनावलं की त्याने फोन कानापासून दूर धरला आणि मलाही ते सगळं ऐकू आलं. ते मी इथे सांगत नाही. तो फोन खाली ठेवून बराच वेळ टेबलावरच्या मेणकापडाची रेघ नखाने गिरवत बसला. मग म्हणाला, "तिचं लेकरू लहान असणार. घाबरली असेल."

पुढच्याच आठवड्यात पोलीस आला. आमच्याच भागाचा, तरुण, जरा अवघडलेला. दारातच उभा राहून म्हणाला, "काका, कुणीतरी कळवलंय. एक म्हातारा लहान मुलांच्या घरी नोकरी शोधतोय म्हणून. मला विचारावं लागतं."

"विचार की."

"का शोधताय?"

"मग म्हाताऱ्याने काय शोधावं? कबरीसाठी जागा?"

पोलिसाने नाव लिहून घेतलं, माफी मागितल्यासारखं काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला. पण आमच्या जिन्यातून पोलीस चढला-उतरला की ते दहाही मजल्यांना कळतं. संध्याकाळी खालच्या बाकावर गांचो वाटच बघत बसला होता. गांचो तळमजल्यावर राहतो, पूर्वी गोदीत क्रेन चालवायचा, आणि त्याच्या जिभेला हाड नाही.

"काय ल्युबेन, दाई झालास म्हणे! दूध पाजायची वेळ कोणती?"

बाक सगळा हसला. ल्युबेनही हसला, पण ते हसू जिन्याच्या दारापर्यंतच टिकलं. तेवढ्यात स्पेनहून डेटेलिनाचाही फोन आला. तिला इथल्याच कुणीतरी कळवलं होतं.

"बाबा, हे काय ऐकतेय मी? तुम्हाला काही कमी पडतंय का? सांगा, मी पाठवते."

"पोरांना पाठव," ल्युबेन म्हणाला.

मग ती म्हणाली की मुलांची शाळा आहे, आणि सांभाळून राहा.

त्याने मला जाहिरात काढून टाकायला सांगितलं. मी म्हटलं, सोमवारी काढते, आज चीज भरलेली बनित्सा भट्टीत आहे. रविवारी दुपारी इस्क्राचा फोन आला.

इस्क्रा औषधांच्या दुकानात काम करते. तिचा नवरा प्लामेन नदीवरच्या मालवाहू बोटीवर. आठवडेच्या आठवडे डॅन्यूबवरून ऑस्ट्रियापर्यंत जायचं आणि यायचं. आई नाही, सासू दूर विदिनला आजारी सासऱ्याच्या उशाशी. मुलगा बोयान अजून दोन वर्षांचाही नव्हता. पाळणाघरात त्याला जागा मिळाली नाही, म्हणून तीही जाहिरातींवरून बायका शोधत होती. पहिली बाई सोन्यासारखी होती, महिनाभराने जर्मनीला शेतात कामाला निघून गेली. दुसऱ्या बाईकडे कसलंसं प्रमाणपत्र होतं. ती पोराच्या हातात फोन द्यायची आणि स्वतःच्या हातात दुसरा घ्यायची. तिसरी एक दिवस आली, फ्रीजमधल्या भरल्या मिरच्या संपवल्या आणि संध्याकाळी पाठ दुखते म्हणून कळवून टाकलं.

"तुम्ही लिहिलंय, एक मुलगी वाढवली," इस्क्रा फोनवर म्हणाली. "म्हणजे खरंच तुम्ही वाढवली, की घरात होतात?"

"खरंच वाढवली. शेजारणीला विचारा," असं म्हणून त्याने फोन माझ्याच हातात दिला.

भेटायलाही तो मला घेऊन गेला, साक्षीदार म्हणून. सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळी कागदपत्रं: पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, आणि कुणी मागितलेला नसताना फुप्फुसांचा एक्सरे. इस्क्राने आम्हाला कॉफी दिली आणि समोर बसून प्रश्न विचारू लागली. प्रश्न तिने इंटरनेटवरून काढलेले होते, ते कळत होतं.

"मूल रडायला लागलं तर तुम्ही काय कराल?"

"का रडतोय ते विचारीन."

"त्याला अजून बोलता येत नाही."

"मग बघीन."

बोयान टेबलाखाली बसला होता. फक्त त्याचे मोजे दिसत होते. ल्युबेनने त्याला हाक मारली नाही, की चॉकलेट दाखवलं नाही. बोलता बोलता तो खुर्चीवरून खाली उतरून जमिनीवर बसला. गुडघे कडकन वाजले. "ओय ओय ओय," तो म्हणाला. टेबलाखालून बारीक आवाज आला, "ओय." ल्युबेनने पुन्हा म्हटलं, तिकडून पुन्हा आलं. असं बराच वेळ चाललं. मग निघायची वेळ झाली तर ल्युबेनला उठताच येईना. मी एका बाजूने, इस्क्रा दुसऱ्या बाजूने, असं आम्ही त्याला वर ओढलं, आणि ती इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली.

"एक आठवडा बघू या," ती म्हणाली.

आठवड्याचे दोन झाले. ल्युबेन सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा, ट्रॉलीबसवर जायचा तसाच. पण दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी तो जिन्यातच माझ्या पायरीवर बसला. म्हणाला, "त्यांच्या खोलीत कॅमेरा आहे. पुस्तकं आणि अस्वल यांच्या मधोमध. छोटा, काळ्या डोळ्यासारखा."

"मग तू काय केलंस?"

"इस्क्रा आली तेव्हा सांगितलं. म्हटलं, पोरी, हा बाहेरच्या खोलीत आहे, पण आम्ही निम्मा दिवस स्वयंपाकघरात असतो. तिथेही एक लाव. ती लाल झाली. माफी मागायला लागली. मी म्हटलं, माफी कसली, तुझ्या जागी मी असतो तर कपाटात लपून बसलो असतो. हसली. मग रडली."

"छान बोललास की."

"बोललो छान," तो म्हणाला. मग स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. "पण रुमेना, त्या कॅमेऱ्यासमोर पोराला मांडीवर घ्यायचं म्हटलं तर हात कुठे ठेवावा कळत नाही मला. डेटेलिनाच्या वेळी हे कधी सुचलंही नव्हतं. आता मी त्याला उचलतो आणि माझ्याच हातांवर नजर ठेवतो."

मी त्याच्या शेजारी बसून राहिले. नंतर इस्क्राने स्वतःहूनच तो कॅमेरा काढला. कधी काढला ते ल्युबेनच्या लक्षातही आलं नाही, आणि ते मला फार बरं वाटलं.

रोज सकाळी तो बोयानला नदीकाठच्या बागेत न्यायचा. तिथे घसरगुंडी, वाळू, आणि पलीकडे नदी. रोमानियाचा किनारा समोरच. एखादी मालबोट संथपणे जाताना दिसली की ल्युबेन म्हणायचा, "ती बघ. अशाच बोटीवर तुझा बाबा असतो." असं किती दिवस म्हटलं देव जाणे, पण बोयानने पहिला स्पष्ट शब्द उच्चारला तो 'बाबा', आणि तो एका कोळसा वाहणाऱ्या बोटीकडे बोट करून. त्यानंतर सगळ्या बोटी बाबा झाल्या. मासेमारीच्या होड्यासुद्धा.

मार्च आला, मनगटांवर वसंताचे लाल-पांढरे दोरे बांधून झाले, झाडांना फुलं आली तेव्हा लोकांनी ते सोडून फांद्यांना बांधले. बागेत बायका-मुलांची गर्दी वाढली. आणि एप्रिलात कधीतरी त्यातल्याच एकीने ल्युबेनचा फोटो काढला. वाळूत गुडघ्यांवर बसलेला, बोयानच्या बुटाची नाडी बांधताना. तो फोटो तिने शहरातल्या मातांच्या एका ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'हा म्हातारा रोज एका मुलाला घेऊन येतो. आजोबा नाही, मी विचारलं आहे. सगळ्यांनी सावध राहा.'

संध्याकाळपर्यंत त्याखाली लोकांची नुसती झुंबड उडाली होती. कुणी लिहिलं, याच्या घरी पोलीस गेले होते. कुणी लिहिलं, आईला काही लाज आहे की नाही. मी एकेक वाचत गेले. पोस्टात लोक काउंटरवर भांडायचे, पण तोंडावर भांडायचे.

प्लामेनने तो फोटो सर्बियात कुठेतरी, बोटीवर बसून पाहिला. त्याने इस्क्राला फोन केला आणि जे ओरडला ते शेजारच्यांनी ऐकलं. मग इस्क्राने ल्युबेनला फोन केला.

"काका, दोन-तीन दिवस येऊ नका."

"बरं," ल्युबेन म्हणाला.

त्याने हे मला सांगितलं तेव्हा तो बसलासुद्धा नाही. वर गेला आणि घराच्या सगळ्या खिडक्या धुतल्या. दुसऱ्या दिवशी गॅलरीची जाळी रंगवली. तिसऱ्या दिवशी रंगवायला काही राहिलं नाही.

इकडे त्या फोटोखाली एक वेगळाच मजकूर आला. गांचोने लिहिला होता. त्याचं स्वतःचं खातं नाही, म्हणून बायकोच्या खात्यावरून, त्यामुळे शेजारी त्याच्या बायकोचा वार्नाच्या समुद्रावरचा पोहण्याच्या कपड्यातला फोटो दिसत होता. मजकूर असा: 'हा माझा शेजारी आहे. मुलगी वाढवली. लंगोट धुतले. मी हसायचो. तुमच्यातल्या कुणाच्या नवऱ्याने एक तरी धुतला का? गाढवं सगळी.' त्याखाली मग इतर लोकांनीही लिहायला सुरुवात केली. एकीने लिहिलं की तिची आई काठी टेकत यायची आणि तिला येताना पाहून हा माणूस ट्रॉलीबसचं दार उघडं ठेवायचा. पण म्हणून आधीचं काही पुसलं गेलं नाही. ते वर होतं, हे खाली होतं.

मी गांचोला म्हटलं, "तू एवढं चांगलं लिहू शकतोस हे माहीत नव्हतं."

"बायकोला सांगू नकोस," तो म्हणाला. "तिचा फोटो सगळ्या गावाने पाहिलाय."

पुढे काय झालं ते इस्क्राने मला स्वतः सांगितलं. तिने दुकानातून रजा घेतली होती आणि बोयानला घेऊन ती त्याच बागेत गेली. मुद्दाम नाही, बोयान दुसरीकडे चालतच नव्हता. बाकावर एक बाई आपणहून जवळ आली, गोड बोलू लागली. "बरं केलंत हो, काढलंत त्याला. फोटो मीच टाकला होता."

"तुम्ही त्यांना काही विचारलं होतं का?" इस्क्राने विचारलं.

"विचारलं की. म्हटलं, आजोबा का? तर म्हणाला, नाही, मी कामाला आहे."

"म्हणजे ते खरं बोलले म्हणून तुम्ही फोटो टाकलात?"

ती बाई आपल्या बाकावर परत गेली. हे सांगताना इस्क्रा म्हणाली, मला काही तिला शिकवायचं नव्हतं, रुमेनामावशी, मी पण त्याच पंक्तीतली. मी तर घरात कॅमेरा लावला होता. पण तोंडातून निघून गेलं. आणि एकदा निघालं म्हटल्यावर मग मागे कसं घेणार? तिने तिथेच बाकावर बसून त्या फोटोखाली लिहिलं: 'हे माझं मूल आहे. या माणसाला मी नेमलं आहे. उद्यापासून ते पुन्हा इथे असतील.' आपलं पूर्ण नाव लिहिलं, दुकानाचंही.

ल्युबेन दुसऱ्या दिवशी कामावर गेला. बागेत काही बायका बाक बदलून बसल्या. एक जण मुलाला घेऊन त्याच्या शेजारी वाळूत आली. एवढंच.

पण प्लामेन अजून यायचा होता. तो मे महिन्यात आला. थोराड, उन्हाने रापलेला, दारातून वाकून आत येणारा. स्वयंपाकघरात बसला आणि ल्युबेन येताच त्याला म्हणाला, "तुमच्याशी माझं वैर नाही. पण माझ्या घरात परका पुरुष नको. इस्क्राला मी सांगितलंय."

बोयान आपल्या बापाला पाहून ल्युबेनच्या पायामागे लपला आणि त्याने त्याची पँट घट्ट धरली. प्लामेनचा चेहरा पडला. रागावला असता तर बरं, असं ल्युबेन मला म्हणाला. तो रागावला नाही, तो पोराच्या त्या मुठीकडे बघत राहिला.

ल्युबेनने हळूच ती मूठ सोडवली. "बरं," तो म्हणाला, "शेवटचं एकदा नदीवर जाऊन येऊ. तुम्हीही चला."

तिघं गेले. धक्क्यावर उभे होते तेव्हा एक लांबलचक बोट नदीच्या वरच्या बाजूने खाली येत होती. बोयान ओरडला, "बाबा!"

"काय रे?" प्लामेन पटकन वाकला.

पोराने त्याच्याकडे पाहिलंही नाही. हात लांब करून बोटीकडे दाखवत राहिला. "बाबा! बाबा!"

"बोटीला म्हणतोय?"

"सगळ्या बोटींना," ल्युबेन म्हणाला. "रोमानियाच्या पण. मी सांगत असतो त्याला, तुझा बाबा अशा बोटीवर असतो. दोन्ही एकच वाटतं त्याला अजून."

ल्युबेन म्हणाला, मी सूर्यफुलाच्या बिया घेऊन येतो. गाडा जवळच होता, पण तो पुलाच्या बाजूच्या दूरच्या गाड्यावर गेला, तिथल्या माणसाशी फुटबॉलवर बोलला, बियांची पुडी घेतली, थोड्या खाल्ल्या. परत आला तेव्हा बोयान बापाच्या खांद्यावर बसून त्याचे दोन्ही कान ओढत होता, आणि प्लामेन त्याला सांगत होता, ही पुढची बाजू, तिथे मी उभा असतो, तो दोर दिसला का, तो मी टाकतो.

घरी येईपर्यंत कुणी आभार मानले नाहीत. दारात प्लामेनने बूट काढता काढता विचारलं, "उद्या सकाळी किती वाजता येता?"

असा ल्युबेन तिथे बोयान तीन वर्षांचा होईपर्यंत राहिला. पुढच्या वर्षी ऑगस्टात डेटेलिना आपल्या दोन्ही मुलांना घेऊन आली. सुट्टी असली तरी ल्युबेनचं काम चालूच होतं, म्हणून तो नातवंडांनाही बागेत घेऊन गेला. धाकटा कंटाळला. थोरल्याने बोयानला घसरगुंडीवरून खाली झेलायचं काम अंगावर घेतलं आणि सगळा आठवडा ते सोडलं नाही. डेटेलिना माझ्याकडे कॉफीला आली तेव्हा आधी नुसती साखर ढवळत बसली. मग म्हणाली, "मावशी, मला लाज वाटत होती त्यांच्या कामाची. मी स्वतः तिकडे सुरुवातीला काय केलं माहितीये? लोकांची मुलंच सांभाळली." मी तिच्या कपात आणखी कॉफी ओतली.

सप्टेंबरात बोयान बालवाडीत गेला. इस्क्राने ल्युबेनला जेवायला बोलावलं, एक शर्ट दिला, प्लामेनने घरी गाळलेली रकिया पाजली. दुसऱ्या सकाळी ल्युबेन सवयीने दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरला, बाकापर्यंत गेला आणि परत वर आला. बालवाडीच्या कुंपणाशी जाऊन ये, असं मी सुचवलं. "छे," तो म्हणाला. "मला बघून रडला तर? त्याला तिथे रुळू दे."

थंडी सुरू झाल्यावर एकदा आम्ही दोघं बाजारात होतो. कोबी लोणच्यात घालायचे दिवस. समोरून इस्क्रा आली, बोयानचा हात धरून. पोरगा वाढला होता. ल्युबेनला पाहिलं आणि तो आईच्या कोटामागे गेला.

"अरे, कोण आहे सांग बघू?" इस्क्रा म्हणाली. "बोल ना. रोज आठवण काढत होतास!"

बोयानने मान कोटात खुपसली.

"राहू दे, राहू दे," ल्युबेन म्हणाला. "केवढे नवे लोक भेटलेत त्याला. हो की नाही, साहेब?"

इस्क्रा माफी मागू लागली. त्याने ती तिला मागू दिली नाही. कोबी कसा निवडावा ते सांगितलं, प्लामेनची चौकशी केली, निरोप घेतला. आम्ही घराकडे निघालो. तो कोबीच्या दोन्ही पिशव्या घेऊन पुढे चालत होता. आमचं दार आलं आणि तो थांबलाच नाही, सरळ पुढे गेला, पुढच्या इमारतीपर्यंत. मी हाक मारली नाही. तिथे जाऊन तो उभा राहिला, पिशव्या खाली ठेवल्या, नाक पुसलं, आणि मग परत आला. म्हणाला, "चुकलो." मी म्हटलं, "होतं असं."

त्या हिवाळ्यात त्याने पुन्हा दुप्पट सूप केलं. पण इस्क्राने त्या जाहिरातींच्या पानावर त्याच्याबद्दल चार ओळी लिहून ठेवल्या होत्या, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. जानेवारीत एका जोडप्याचा फोन आला. दोघंही शाळेत शिक्षक. जुळ्या मुली, आठ महिन्यांच्या. "आम्हाला तुम्हीच हवे आहात," ती बाई म्हणाली. "पण खरं सांगते, एका माणसाच्या आवाक्यातलं काम नाही हे."

"बघू," ल्युबेन म्हणाला.

पहिल्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. त्याचा आवाज ऐकू येईना, मागे दोन सायरन लागल्यासारखा आक्रोश.

"रुमेना! तू काय करतेस?"

"लोणचं बघतेय."

"ते राहू दे. हात धू आणि ये."

"मला काय येतं त्यातलं? मी पोस्टातली बाई."

"एकीला धरता येईल ना? एवढंच कर!"

मी गेले. दार त्याने कोपराने उघडलं. शर्टावर गाजर, केसांत गाजर, प्रत्येक हातावर एक लाल झालेली मुलगी. त्यातली जी जास्त जोरात रडत होती ती त्याने माझ्याकडे दिली. ती क्षणभर थांबली, माझ्याकडे नीट बघून घेतलं, आणि मग आधीपेक्षाही मोठ्याने सुरू झाली.

"बघ," ल्युबेन म्हणाला, "ओळख झाली."

आता मंगळवारी आणि गुरुवारी मीही जाते.